झोंबी आले तर हाती काय घ्यावे?

वसतिगृहात एका रात्री 'झोंबिवली' हा २०२२ सालचा मराठी चित्रपट पाहून झाल्यावर आमच्यात मोठा वाद माजला. डोंबिवलीत माणसांचे झोंबी होऊ शकतात, तर उद्या ते आपल्या कॉलेजच्या फाटकाशी आल्यास हाती काय घ्यावे? बंदुकीच्या गोळ्या संपतात, पात्याचे तसे नाही, एवढ्यावर एकमत झाले. मग कोणी जपानी कटाना सुचवली, कोणी दांडपट्टा. मी कोयता म्हणालो आणि हशा पिकला. त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शत्रूचा विचार करू. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून पडद्यावरचा रिवाज असा, की मेंदू निकामी झाल्याखेरीज झोंबी पडत नाही. त्याला वेदना नाही, भीती नाही, आणि तो एकटा येत नाही. नवरदेवाच्या हातातली कट्यार येथेच बाद झाली. हाडावर बसेल असा घाव हवा आणि तो दिवसभर घालता आला पाहिजे.

कटानाची धार कठीण पोलादाची व पाठ त्यामानाने मऊ असते. पोलाद कठीण केले की धार टिकते, पण ठिसूळपणाही वाढतो. घाव हाडावर तिरका बसला तर धारेचा तुकडा उडू शकतो, आणि तो सरळ बसवायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. दांडपट्ट्यात हाताचा पुढचा भाग लोखंडी मुठीच्या आत जातो, त्यामुळे मनगट वळत नाही. मोकळ्या मैदानात तो शोभतो. आमच्या वसतिगृहाच्या जिन्यात तो फिरवणारा आधी आपल्याच मित्राला कापील, आणि त्या हाताने दाराची कडीही काढता यायची नाही.

आता कोयता. पाते आखूड आणि रुंद, त्यामुळे अडचणीच्या जागीही चालते. वजन पुढच्या बाजूला असल्याने निम्मे काम वजनच करते. आमच्या गावचा लोहार तो ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवतो. ते पोलाद मुळात हादरे सोसण्यासाठीच केलेले, म्हणून सहसा तुटत नाही. धार गेली तर कानस पुरते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझे आई-वडील ऊसतोड करतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. गेल्या हंगामात आई आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस मी तिच्या जागी फडावर होतो. पहिल्याच दुपारी तळहाताला फोड आले. वडिलांनी मुठीला चिंधी गुंडाळून दिली आणि म्हणाले, "मनगटानं हाणू नको, खांद्यानं हाण. आन् पाय मागं ठिव, नवख्याचा घाव सोताच्या नडगीवर बसतो." झोंबींशी लढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

परत आल्यावर ग्रंथालयात झोंबीचे मूळ शोधले. ते हैतीत सापडले. तेथे फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. १७९१ साली त्यांनी उठाव केला आणि १८०४ साली देश स्वतंत्र झाला. मेल्यावर आत्मा मायदेशी परततो, ही त्या गुलामांची आशा. झोंबी म्हणजे ज्याला मरूनही सुटका नाही, ज्याला उठवून पुन्हा कामाला जुंपले आहे. विल्यम सीब्रुक यांच्या १९२९ च्या 'द मॅजिक आयलंड' या पुस्तकातले झोंबी उसाच्या फडातच राबतात. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' चित्रपटात ते साखरेच्या गिरणीत चाक ओढतात. हा मूळचा झोंबी कोणाला चावत नव्हता. लोकांना खरी भीती झोंबीची नव्हती, आपण झोंबी होण्याची होती.

सुट्टीत हे सारे वडिलांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "रातच्या दोन वाजता गाडी भराया उठतो, तवा आमची तोंडं येऊन बघ."

असो. मित्रांना माझे उत्तर तेच आहे. कोयता घ्यावा, मुठीला चिंधी बांधावी, खिशात कानस ठेवावी. मात्र फाटकाशी आलेल्याच्याही हाती कोयता दिसला, तर घाव घालण्याआधी त्याला एकदा हाक मारून पाहावी.