७४ किलोची रिकामी जागा

१९ ऑगस्ट २०१६ची सकाळ. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, माहुलच्या कोळीवाड्यातल्या होड्यांवरची तोरणं अजून उतरायची होती. टपरीवरच्या चहासोबत गप्पा चालल्या होत्या त्या सिंधूच्या. संध्याकाळी रिओ ऑलिंपिकमध्ये तिचा बॅडमिंटनचा अंतिम सामना होता. आदल्या दिवशी साक्षी मलिकच्या पदकाची बातमी आली होती. रिओहून दोन दिवस लागोपाठ काही चांगलं ऐकू येण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून सगळे जरा खुशीत होते. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल पुढे केला : नरसिंग यादववर चार वर्षांची बंदी. त्याच दिवशी त्याची पहिली कुस्ती होती. टपरीवर कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "आपल्या जोगेश्वरीचा पोरगा ना?"

मुंबईच्या उपनगरांतून फुटबॉलपटू निघतात, क्रिकेटवाले तर निघतातच. पैलवान म्हटला की डोळ्यांपुढे कोल्हापूर नाहीतर पुणे येतं. नरसिंग त्याला अपवाद. घराणं वाराणसीकडचं, वडील मुंबईत दुधाच्या धंद्यात. जगमाल सिंग हे त्याचे वस्ताद आणि सरावाची जागा म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं कांदिवलीचं केंद्र. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलो गटात त्यानं सुवर्ण घेतलं. २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा लागोपाठ त्याच्याच खांद्यावर गेली. हे त्याच्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. राज्य पोलीस दलात तो उपअधीक्षक झाला.

त्याच्या गोष्टीतली पहिली गाठ मात्र वजनगटांच्या तक्त्यात पडली. २०१३च्या अखेरीस जागतिक कुस्ती महासंघानं फ्रीस्टाइलचे ऑलिंपिक गट सातावरून सहावर आणले आणि ६६ किलोचा गट नाहीसा झाला. त्याच गटात सुशील कुमारनं बीजिंगला कांस्य आणि लंडनला रौप्य मिळवलं होतं. त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या, खाली ६५ किंवा वर ७४. तो वर गेला. ७४मध्ये आधीपासून नरसिंग उभा होता.

सप्टेंबर २०१५मध्ये लास वेगासला जागतिक स्पर्धा झाली. सुशील दुखापतीमुळे बाहेर होता. कांस्यपदकाच्या कुस्तीत फ्रान्सच्या झेलिमखान खादजिएवपुढे नरसिंग गुणांनी मागे पडला होता. त्यानं त्याला थेट चितपट केलं. रिओतली जागा नक्की झाली. पण कुणाची? नियमाच्या भाषेत ही जागा देशाची असते, पैलवानाची नव्हे. जिंकून आणतो एक आणि त्या जागेवर कोणाला पाठवायचं ते देशाचा कुस्ती महासंघ ठरवतो. सुशीलनं निवड चाचणी मागितली, महासंघ 'नाही' म्हणाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ६ जून २०१६ला याचिका फेटाळली गेली. ऐन तोंडावर चाचणी घेतली तर तयारीचा विचका होईल, दुखापतही होऊ शकेल, असा त्यामागचा विचार.

मला तेव्हा खाशाबा जाधव आठवले. १९५२मध्ये हेलसिंकीच्या निवडीआधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. गोळेश्वरच्या त्या पैलवानानं दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. महाराजांनी निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावून दिली आणि खाशाबांनी त्याला लोळवलं. चाचणी मिळाली म्हणून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. २०१६मध्ये मात्र आपल्यातले बहुतेकजण चाचणीच्या विरोधात होते. मीही होतो. आपला माणूस कुठल्या बाजूला उभा आहे यावर तत्त्व ठरतं, हे कबूल केलेलं बरं.

न्यायालयाच्या निकालानंतर तीन आठवडेही गेले नसतील, २५ जूनला सोनीपतच्या शिबिरात नरसिंगची उत्तेजक चाचणी झाली. ५ जुलैला पुन्हा एक. दोन्ही नमुन्यांत मेथॅन्डिएनोन सापडलं. हे जुनं स्टेरॉइड, १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेलं. व्यायामशाळांतल्या पोरांना 'डायनाबोल' नावानं ठाऊक. शिबिरात त्याच्याच खोलीत राहणाऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही तेच निघालं. माझ्या पेयात कुणीतरी मिसळलं, असं नरसिंग म्हणाला. पोलिसांत तक्रार झाली, एका तरुण पैलवानाकडे बोट दाखवलं गेलं. दरम्यान प्रवीण राणाचं नाव बदली म्हणून पुढे आलं. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या समितीनं घातपाताची बाजू मान्य करून नरसिंगला मोकळं केलं आणि नरसिंग रिओला गेला.

इथे जरा थांबायला हवं. तालमीत पैलवान खातो-पितो ते दुसऱ्याच्या हातचं. थंडाई घोटणारा वेगळा, बदाम भिजत घालणारा वेगळा, गावाकडून तुपाचा डबा पाठवणारी आई वेगळी. वस्तादानं हातात दिलेला पेला वास घेऊन बघणारा पैलवान मी पाहिला नाही. बघितलाच तर वस्ताद त्याला दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरू देणार नाही. खुराक हा विश्वासाचा मामला आहे. उत्तेजकविरोधी नियम त्याच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे : अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, ते कुणी घातलं हा नंतरचा प्रश्न आणि त्याचं उत्तर पुराव्यासकट द्यायचं तेही खेळाडूनंच. जत्रेच्या मैदानात कोण लढायला लायक हे जोड लावणारे पंच नुसत्या नजरेनं ठरवतात. रिओत ते लघवीच्या बाटलीनं ठरलं. दूधवाल्याच्या मुलाचं भवितव्य एका पेल्यात काय होतं यावर येऊन ठेपावं, असं कथेत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे 'वाडा'नं 'नाडा'च्या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे अपील केलं. तज्ज्ञांचं मत पडलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पेयात मिसळलेल्या भुकटीशी जुळत नाही, ते गोळ्या घेतल्याकडे बोट दाखवतं. घातपाताचा खरा पुरावा पुढे आलेला नाही, असं लवादानं म्हटलं आणि १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी दिली. दुसऱ्या दिवशी नरसिंगसमोर यायचा होता तो पुन्हा खादजिएवच. बदली पाठवायची वेळ केव्हाच टळली होती. ज्या जागेसाठी दोन मल्ल न्यायालयापर्यंत गेले, त्या जागेवर भारताचं कुणीच उतरलं नाही.

त्यानं गोळ्या घेतल्या होत्या का? लवादाचा निकाल तो निकाल, आणि तो पुराव्यावर आहे; 'नाडा'च्या समितीनं सहानुभूतीपोटी फार लवकर दार उघडलं असं मला आज वाटतं. पण न्यायालयात बाजी मारून बसलेला, जागा खिशात असलेला पैलवान दोन महिने आधी, हमखास चाचणी होणार अशा शिबिरात, सहज सापडणाऱ्या जुनाट औषधाला हात का लावेल, हेही मला उलगडलेलं नाही.

बंदी म्हणजे फक्त स्पर्धा नाही, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. बंदीतल्या खेळाडूला महासंघाच्या शिबिरात किंवा संलग्न केंद्रात संघाबरोबर सराव करता येत नाही. तशा सरावाची मुभा मिळते ती अगदी शेवटच्या दोन महिन्यांत. धावपटू एकटा रस्त्यावर पळेल. पैलवानानं काय करायचं? जोर-बैठका मारता येतात, दोर चढता येतो, पण आपल्या तोडीचा जोडीदार रोज अंगावर आल्याशिवाय कुस्ती अंगात राहत नाही. चार वर्षांची बंदी पैलवानाला त्यामुळेच जास्त जड जाते.

२०२०च्या जुलैत बंदी संपली. करोनानं टोकियो वर्षभर पुढे ढकललं होतं, म्हणजे जी वाट बंद झाली असती ती अचानक उघडी झाली. डिसेंबरात बेलग्रेडच्या वैयक्तिक विश्वचषकात तो उतरला, वय एकतीस, आणि लवकरच हरला. टोकियोला ५७, ६५ आणि ८६ किलोत भारताचे फ्रीस्टाइल मल्ल गेले. ७४ किलोत त्याही वेळी आपलं कुणी नव्हतं.

एप्रिल २०२४मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी नरसिंगची निवड झाली. खेळाडूंच्या तक्रारी आता त्याच्याकडे येणार होत्या.