टीबी गेला, खोकला राहिला

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर खोकला लांबला की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो यायलाच हवा. पण औषधांचा कोर्स पुरा होऊन टीबी बरा झाला, तरी काहींचा खोकला थांबत नाही. पिवळा-हिरवा बेडका पडतच राहतो. टीबीने श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल करून ठेवलेल्या असतात. डॉक्टर याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. भारतातल्या 2,195 रुग्णांची नोंद 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सर्वाधिक आढळलेले कारण टीबीच होते: 35.5 टक्के.

अशा नळ्यांत कफ साचतो. स्यूडोमोनाससारखे चिवट जंतू त्यात ठाण मांडतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. रक्तातून येणारे औषध तिथे पुरेसे पोचत नाही. डोस वाढवावा, तर अमिकासिनसारखे औषध मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करते.

म्हणून औषध थेट श्वासातून द्यायचे. थेंब मात्र एक ते पाच मायक्रॉनचा हवा. मोठा असला तर घशातच अडकतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या 520 रुग्णांवर श्वासातून दिलेल्या टोब्रामायसिन या प्रतिजैविकाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1999 मध्ये आले. 28 दिवस औषध, 28 दिवस विश्रांती. विसाव्या आठवड्यात फुप्फुसाची क्षमता सरासरी 10 टक्के वाढली. औषधाविना वाफ घेणाऱ्यांची 2 टक्के घटली.

ब्राँकिएक्टेसिसने मात्र संशोधकांना झुंजवले. श्वासातून दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ऑर्बिट-3 आणि ऑर्बिट-4 या चाचण्यांचा आराखडा एकच, तरी एकीत फायदा ठळक दिसला, दुसरीत नाही. एकाच चाचणीवर भाळू नये, ते यासाठी.

टीबीच्याच कुळातले, सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारखेच दिसणारे काही जंतू तर आणखी हट्टी. सहा महिने उपचार घेऊनही ज्यांच्या बेडक्यातून ते हटले नव्हते, अशा 336 रुग्णांची चाचणी झाली. नेहमीच्या गोळ्यांना मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या अमिकासिनची जोड दिली, तेव्हा 29 टक्के रुग्णांचा बेडका जंतुमुक्त झाला. नुसत्या गोळ्यांवर सुमारे 9 टक्क्यांचा. 2018 मध्ये अमेरिकेने या औषधाला परवानगी दिली, तीही दुसरा इलाज फारसा न उरलेल्यांपुरती. आवाज बसणे आणि खोकला वाढणे हे त्रास अनेकांना झाले.

मुरबाडच्या रुग्णासाठी आधीचा प्रश्न वेगळा आहे: बेडक्यात नेमका कोणता जंतू आहे? त्यासाठी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून तपासणी, करावे लागते, नुसती काचपट्टी पुरत नाही. पुढे औषध मिळालेच, तर पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्यायचा, कारण नळ्या आकसून धाप लागू शकते. आणि औषधाचे बारीक थेंब करणाऱ्या यंत्राचा, नेब्युलायझरचा कप रोज धुऊन, निर्जंतुक करून पुरता वाळवायचा. ओला राहिला तर त्यातच जंतू वाढतात.