कॅमेरा ते संगणक, वायरीविना

डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर नेण्याच्या तीन वाटा आहेत. मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालता येते, यूएसबी केबल जोडता येते किंवा वाय-फायवरून फाइली पाठवता येतात. पहिल्या दोन वाटांवर वेग मिळतो, तिसरीवर मोकळीक. स्टुडिओत छायाचित्रकार वस्तूभोवती फिरत फोटो काढत असतो, तेव्हा वायर पायात येत नाही आणि प्रत्येक फोटो मोठ्या पडद्यावर लगेच तपासता येतो. लग्नाच्या हॉलमध्ये अंतरपाट दूर होतानाचा क्षण टिपला, की वधूवर व्यासपीठावरून उतरण्याआधीच तो लॅपटॉपवर आलेला असतो.

ही सोय टप्प्याटप्प्याने आली. 2003 साली निकॉनने डी2एच या व्यावसायिक कॅमेऱ्यासोबत डब्ल्यूटी-1 हा ट्रान्समीटर आणला. तो कॅमेऱ्याच्या तळाशी वेगळा बसवावा लागे. 2005 साली निकॉनचे कूलपिक्स पी1 व पी2 आले; त्यांत वाय-फाय आतच होते. 2007 मध्ये आय-फाय या कंपनीने मेमरी कार्डातच वाय-फाय बसवले आणि साध्या कॅमेऱ्यांनाही ही वाट खुली झाली. आज बहुतेक नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत वाय-फाय असतेच.

दोन यंत्रांची भाषा

नुसत्या रेडिओ लहरींनी काम भागत नाही. दोन्ही यंत्रांना एकच भाषा यावी लागते. कॅमेरा आणि संगणक यांच्यासाठी पीटीपी नावाची नियमावली आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत तिचा क्रमांक 15740. ती मुख्यतः यूएसबी केबलवर वापरली जाई. 2005 मध्ये कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या जपानी संघटनेने पीटीपी-आयपी हे तिचे नेटवर्कवर चालणारे रूप मानक म्हणून प्रसिद्ध केले. त्याच्या नेटवर्क पोर्टचा क्रमांकही 15740 हाच आहे.

या पद्धतीत कॅमेरा आणि संगणक यांच्यात दोन वाहिन्या उघडतात. एकीवरून आज्ञा आणि फाइली जातात, दुसरीवरून घडामोडींची वर्दी येते. शटर दाबून फोटो कार्डावर उतरला, की कॅमेरा दुसऱ्या वाहिनीवरून नव्या फाइलचा क्रमांक कळवतो. संगणक पहिल्या वाहिनीवरून त्याच क्रमांकाची फाइल मागतो आणि कॅमेरा ती पाठवतो. उलट दिशेने संगणकावरून शटर उघडता येते, आयएसओ संवेदनशीलता किंवा छिद्रमान बदलता येते.

जोडणीचा क्रम

आधी नेटवर्क ठरवावे लागते. कॅमेऱ्याने स्वतःचे वाय-फाय सुरू केले, तर संगणक त्याला थेट जोडता येतो. मैदानात किंवा शेतात राउटर नसला, तरी काम होते. मात्र तेवढा वेळ संगणकाचे वाय-फाय कॅमेऱ्याला बांधलेले राहते आणि त्यावरचे इंटरनेट बंद होते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही यंत्रे घरातल्या किंवा स्टुडिओतल्या राउटरला जोडतात. इंटरनेट चालू राहते, म्हणून एका जागी रोज काम करणाऱ्यांना हा प्रकार सोयीचा.

मग येते ओळख पटवणे, म्हणजे पेअरिंग. कॅमेऱ्याच्या मेनूतून संगणकाशी जोडणीचा पर्याय निवडायचा आणि संगणकावर त्या कंपनीचे सॉफ्टवेअर उघडायचे. कॅननसाठी ईओएस युटिलिटी, निकॉनसाठी वायरलेस ट्रान्समीटर युटिलिटी, सोनीसाठी इमेजिंग एज अशी सॉफ्टवेअर आहेत. सॉफ्टवेअरच्या यादीत कॅमेऱ्याचे नाव दिसले, की ते निवडून खात्री द्यायची. निकॉनच्या झेड मालिकेत कॅमेऱ्यावर दिसणारा अंक संगणकावर टाइप करावा लागतो. एकदा ओळख पटली, की दोन्ही यंत्रे एकमेकांना लक्षात ठेवतात.

यादीत नावच दिसत नसेल, तर आधी दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर आहेत का, ते पाहावे. हॉटेल किंवा कार्यालयातील पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर यंत्रांना परस्परांशी बोलू न देण्याची व्यवस्था बरेचदा असते. त्यानंतर संगणकाच्या फायरवॉलने सॉफ्टवेअर अडवले आहे का आणि व्हीपीएन चालू राहिले आहे का, ते तपासावे. जोडणी मध्येच तुटत असेल, तर कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची वेळ वाढवावी. वाय-फायने बॅटरी लवकर उतरते, म्हणून भरलेली दुसरी बॅटरी जवळ ठेवावी.

वेगाचे गणित

24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल सुमारे 25 मेगाबाइटची, म्हणजे 200 मेगाबिटची धरली आणि वाय-फायचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला 40 मेगाबिट मिळाला, तर एका फाइलला 5 सेकंद लागतात. 8 मेगाबाइटची जेपेग दोन सेकंदांच्या आत पोहोचते. अशा हजार रॉ फाइलींना जवळपास दीड तास लागेल. सेकंदाला 90 मेगाबाइट वाचणारा कार्ड रीडर तेच काम पाच मिनिटांत उरकतो. म्हणून रॉ कार्डावर ठेवावी आणि जेपेग हवेतून पाठवावी, ही विभागणी उत्तम. कॅमेऱ्यात सोय असेल, तर 5 गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. तिथे गर्दी कमी आणि वेग जास्त असतो. भिंतीपलीकडे मात्र 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक लांब पोहोचतो.

वृत्तछायाचित्रकारांची गरज वेगळी असते. त्यांना कॅमेऱ्यावर दुरून नियंत्रण नको, फोटो थेट कचेरीतल्या सर्व्हरवर हवा असतो. त्यासाठी अनेक व्यावसायिक कॅमेऱ्यांत एफटीपी या फाइली पाठवण्याच्या पद्धतीची सोय असते. या पद्धतीचा पहिला आराखडा अभय भूषण या भारतीय अभियंत्याने 1971 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत असताना लिहिला. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून सार्वजनिक नेटवर्कवर तिचे एफटीपीएस हे सुरक्षित रूप वापरावे.

कोणतीही पद्धत निवडली, तरी संगणकावर फाइल नीट उघडते आहे हे पाहेपर्यंत आणि तिची दुसरी प्रत होईपर्यंत कार्ड पुसू नये.