कुंकवातले शिसे

हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो, हे घरोघरी पाहिलेले असते. हळदीतले कुर्कुमिन हे द्रव्य अल्कलीत तांबडे होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. कुंकू करण्याची जुनी रीत याच्याच आसपासची आहे. हळदीला चुना, किंवा टाकणखार व लिंबाचा रस देऊन ती वाळवायची आणि कुटायची. टाकणखारातल्या बोरॉनशी कुर्कुमिनचे जे लाल संयुग बनते ते आम्लातही टिकते. सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठीच ओळखले जाते.

पण हळद महाग, आणि तिचा रंग उन्हात विटतो. पिठात किंवा शंखजिऱ्याच्या पुडीत कृत्रिम रंग मिसळणे स्वस्त पडते. अशा कुंकवाने काहींच्या कपाळाला खाज सुटते, पुरळ उठते. (टिकलीच्या डिंकाने काहींना पांढरे डाग पडतात, तो विषय वेगळा.) खरी काळजी आहे ती शेंदराची. मारुतीला तेलात कालवून चोपडतात तो नारिंगी शेंदूर परंपरेने शिशाचे ऑक्साइड असतो. उत्तर भारतात भांगात भरतात त्या सिंदुरातही तो वापरला जात आला आहे. सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वापरायला आपल्या कायद्याने मनाई आहे, तरी सुटी पुडी कोण तपासतो?

अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ती तपासली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत सिंदुराचे ११८ नमुने होते; ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले, २३ मुंबई व दिल्लीतले. अमेरिकेतली मर्यादा दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम शिसे अशी होती. न्यू जर्सीतले १९ टक्के आणि भारतातले ४३ टक्के नमुने तिच्या वर गेले. तीन नमुन्यांत तर दर ग्रॅमला १०,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे निघाले. २३ नमुन्यांवरून साऱ्या बाजाराचा निवाडा करता येत नाही, पण दुर्लक्ष करावे असेही हे आकडे नाहीत.

मग कपाळावरचे शिसे शरीरात शिरते का? फारसे नाही. शिशाचे ऑक्साइड धड कातडीतून सहसा आत जात नाही. ते जाते बोटांवरून तोंडात. हळदीकुंकवाच्या समारंभात ज्या बोटाने कुंकू लावतो त्याच हाताने तिळगूळ देतो. शाळेत सरस्वतीपूजन झाले की लगेच पेढे वाटतो. रांगते मूल आईच्या कपाळाला हात लावते आणि तो हात चोखते.

वरच्या वर्गांना इथे एक गणित घालता येईल. दर ग्रॅमला १०,००० मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या पुडीतले फक्त एक मिलिग्रॅम, म्हणजे बोटाच्या रेषांत सहज राहील इतके, पोटात गेले तर शिसे किती गेले? दहा मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली मुलांच्या आहारातल्या शिशासाठी ठरवलेली तुलनेची पातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे.

मुलांचाच विचार आधी का, तेही सांगायला हवे. तेवढेच शिसे पोटात गेले तर लहान मुलाचे शरीर ते प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते. आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते, म्हणजे मार बसतो तो कुपोषित मुलाला. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. ती इजा बहुधा भरून येत नाही. आईच्या हाडांत साठलेले शिसे गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोचते. निरपायकारक ठरावी अशी रक्तातली शिशाची कोणतीही पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

कुंकू लावणे सोडा असे आम्ही म्हणत नाही. सुटी, लेबल नसलेली पुडी घेऊ नये. कुंकू लावल्यावर प्रसादाला हात लावण्याआधी तो साबणाने धुवावा. शेंदूर मुलांच्या हाती देऊ नये. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नये; त्यातही पुष्कळदा शिशाचे सल्फाइड असते.

वर्गात हळद, चुना आणि लिंबाचा प्रयोग जरूर करावा. घरून आणलेल्या कुंकवावर लिंबू पिळून पाहण्याचा मोह मुलांना होईलच. रंग पिवळा झाला तर कुंकू हळद-चुन्याचे. तसाच राहिला तर ते टाकणखाराचे असेल किंवा कृत्रिम रंगाचे, एवढेच समजते. शिशाबद्दल यातून काहीच कळत नाही. निखळ शेंदूर पाण्याच्या आठ पटींहून जड असल्याने हातालाही जाणवतो, पण त्याची थोडी भेसळ वजनावरून ओळखता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. मूल सतत फिकट दिसत असेल, पोटदुखीची तक्रार करत असेल आणि घरात सुटा शेंदूर वापरात असेल, तर ही माहिती डॉक्टरांना द्यावी; रक्तातले शिसे मोजता येते.