विटांची पिझ्झाभट्टी

इटलीतील नेपल्स शहरी पिझ्झा लाकडाच्या भट्टीत, सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानात, दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. तापलेला तळ त्यास खालून भाजतो, घुमट वरून.

अशी भट्टी अंगणातही बांधता येते. ओट्यावर अग्निरोधक विटांचा तळ घालावा. त्यावर ओल्या वाळूचा घुमटाकार ढीग रचून भोवती अग्निरोधक मातीच्या गाऱ्यात विटा बसवाव्यात. तोंडाची उंची घुमटाच्या आतील उंचीच्या सुमारे ६३ टक्के असावी. म्हणजे धूर बाहेर जातो, उष्णता आत राहते. गारा वाळल्यावर वाळू काढावी.

तथापि लगेच मोठा जाळ करू नये. विटांत मुरलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन घुमट तडकतो. आठवडाभर जाळ रोज थोडाथोडा वाढवावा. उतावळेपणाने केलेले सारे श्रम एका दिवसात वाया जातात; धीराने वाळविलेली भट्टी मात्र वर्षानुवर्षे टिकते.