राजसमाध्यांचा शाप आणि विदर्भाची शिलावर्तुळे

भंडारा जिल्ह्यातील मोहाडीसारख्या तहसिलीच्या गावी इजिप्तच्या राजसमाधींचा विषय निघाला, की बोलणे बहुधा एकाच वळणाने जाते. त्या समाध्या गुलामांच्या पाठीवर आसूड ओढून उभारल्या, त्या सोन्याने काठोकाठ भरल्या होत्या, त्यांना हात लावणारा शापाने मेला, आणि तशा प्राचीन समाध्या आपल्या मुलखात मात्र कोठेच नाहीत, असे सांगून मंडळी उठतात. यांपैकी एकही विधान पुराव्यापुढे टिकत नाही. शेवटचे विधान तर असे आहे, की ते खोडण्यासाठी नाईल नदीपर्यंत जाण्याचीही जरुरी नाही. पेंच नदीपर्यंत जाणे पुरेसे आहे.

प्रथम शापाचे पाहू. उत्खनक हॉवर्ड कार्टर याच्या मजुरांना तुतनखामेन राजाच्या समाधीची पहिली पायरी 4 नोव्हेंबर 1922 रोजी लागली, पुढील फेब्रुवारीत दफनाची खोली उघडली गेली, आणि या कामाचा सारा खर्च सोसणारे लॉर्ड कार्नार्व्हन 5 एप्रिल 1923 रोजी कैरो येथे मरण पावले. डास चावल्याची जखम दाढी करताना कापली जाऊन तिच्यात विष भिनले होते आणि त्यांची प्रकृती पूर्वीपासूनच तोळामासा होती. परंतु वर्तमानपत्रांना शाप हवा होता, तो त्यांनी घडवला. शापाचा म्हणून जो शिलालेख सांगतात, तो त्या समाधीत सापडलेलाच नाही. ज्याने पहिला हात घातला तो कार्टर त्यानंतर सोळा वर्षांनी, 1939 साली वारला, आणि समाधीत प्रथम उतरलेल्या मंडळींपैकी कार्नार्व्हन यांची कन्या लेडी एव्हलिन 1980 पर्यंत जगली. मार्क नेल्सन या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 2002 साली त्या प्रसंगी हजर असलेल्या 25 पाश्चात्यांच्या आयुर्मर्यादेचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा त्यांचे मरण इतरांहून लवकर ओढवल्याचे दिसले नाही.

गुलामांची कथा याहून जुनी व अधिक रुजलेली आहे. गिझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड, ज्याची मूळ उंची सुमारे 146 मीटर होती, त्याच्या दक्षिणेस 1990 साली बांधकाम करणाऱ्यांच्याच कबरी सापडल्या. जवळच त्यांच्या वस्तीचे, भाकरी भाजण्याच्या भट्ट्यांचे आणि त्यांनी खाल्लेल्या गुराढोरांच्या हाडांचे अवशेष मिळाले. राजाच्या समाधीच्या सावलीत ज्यांना सन्मानाने मूठमाती मिळाली, त्यांना साखळदंडातले गुलाम म्हणता येत नाही, जरी सरकारी वेठीचा भार त्यांच्यावर असावा हे उघड आहे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे 2013 साली मिळालेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या एका अंमलदाराची रोजनिशी आहे; पिरॅमिडसाठी तुरा येथील चुनखडीचे दगड नावेने कसे वाहून नेले, याची नोंद त्याने जमाखर्चाच्या शिस्तीने ठेवली आहे. आणि पुढे तिसऱ्या रामेसेसच्या राजवटीच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांच्या दरीत समाध्या कोरणाऱ्या कारागिरांचा धान्यरूपी पगार थकला, तेव्हा त्यांनी काम टाकून सरळ देवळापाशी बसकण मारली. लेखी पुरावा असलेला जगातील हा सर्वांत जुना संप होय.

सोन्याविषयी इतकेच, की तुतनखामेनच्या समाधीतील पाच हजारांवर वस्तू हा अपवाद आहे. बाकीच्या बहुतेक राजांच्या समाध्या प्राचीन काळीच लुटल्या गेल्या, त्या चोरट्यांच्या चौकशीचे व जबान्यांचे कागद आजही वाचता येतात, आणि पुरोहितांनी उघड्या पडलेल्या राजांची प्रेते उचलून देर अल-बहरीच्या कड्यात लपवली, ती 1881 साली सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती आली.

आता आपल्या मुलखाकडे वळू, कारण माझे खरे सांगणे येथे आहे. नागपूरच्या पश्चिमेस काटोलच्या वाटेवर जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत; नागपूरजवळच माहुरझरी, दक्षिणेस टाकळघाट-खापा, आणि मोहाडीच्या पश्चिमेस पारशिवनीजवळ पेंचच्या काठी नायकुंड, अशी ही मालिका दूरवर पसरली आहे. खुद्द भंडारा जिल्ह्यात तिलोता खैरी आणि पिंपळगाव येथे उभ्या शिळांवर प्रचंड आडवी शिळा ठेवून रचलेली स्मारके आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून, आत मृताचे अवशेष व त्याच्या वस्तू ठेवून, वर काळी चिकण माती, मुरूम आणि गोटे यांची भर घालावयाची, अशी ही दफनपद्धती होती, आणि तिचा काळ स्थूलमानाने इसवी सनापूर्वी 1000 ते 300 या दरम्यानचा ठरतो.

लोकांत ही वर्तुळे गवळी राजांची समजली जात. एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रज संशोधकांनी ती बाहेरून आलेल्या शक टोळ्यांच्या माथी मारली; आपल्या मातीतील माणसे असे काही उभारू शकतील, हे मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नव्हती, असे माझे मत आहे. तरीही त्या पिढीचे ऋण नाकारता येत नाही. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची ही वर्तुळे पाहून परतताना 1863 च्या सप्टेंबरात पुराच्या पाण्यात बुडून मेले, आणि रिव्हेट-कार्नाक यांनी 1879 साली जुनापाणीचे वृत्त छापून या विषयाला तोंड फोडले. परंतु शास्त्रशुद्ध उत्तर मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, जेव्हा बा. कृ. थापर यांनी 1961-62 मध्ये जुनापाणी, आणि नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी 1968 पासून टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनने केली. पुढे नायकुंडचे काम झाले.

या उत्खननांनी काय दाखवले? खापा येथे दफनभूमी आणि टाकळघाट येथे त्याच लोकांची वस्ती, म्हणजे ही माणसे नुसती भटकी धनगर-गवळी नव्हती. याच लोकांच्या भागीमोहारी येथील वस्तीत गहू, जव, मसूर, वाटाणा यांच्यासोबत तांदूळही मिळाला. धानाच्या या जिल्ह्यातील वाचकाने हे आवर्जून लक्षात ठेवावे. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. वर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी, ज्यांचा दांडा घट्ट बसावा म्हणून वर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत, तशाच छिन्न्या, खंजीर, लगामाच्या कड्या, काळी-तांबडी मडकी, अकीकाचे मणी निघाले, आणि माहुरझरीला तर घोड्यांचे सांगाडे व त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. स्वाराबरोबर त्याचा घोडा बळी देऊन पुरला जात असे, याची ही साक्ष आहे.

मग हे राजे होते काय? तसे म्हणण्यास आधार नाही. त्यांच्याजवळ लिपी नव्हती, नाणे नव्हते, राजवाड्याचा मागमूस नाही. काही वर्तुळे वस्तूंनी समृद्ध आणि काही दरिद्री आहेत, यावरून मानमरातबाची उतरंड होती एवढे निश्चित कळते. टोळीचे नायक, योद्धे, कुशल लोहार असे त्यांचे स्वरूप मानणे मला युक्त वाटते. पिरॅमिडशी त्यांची तुलना आकारात करू नये; परंतु मृताला त्याच्या उपयोगाच्या वस्तूंसह निरोप देण्याची जी भावना नाईलच्या काठी होती, तीच पेंचच्या काठी होती, हे मान्य करण्यास हरकत नाही.

राहिला या वर्तुळांत गुप्तधन असते या समजाचा प्रश्न, आणि सर्वांत जास्त हानी याच गैरसमजाने केली आहे. वर्तुळातून निघते ते गंजलेले लोखंड आणि फुटकी खापरे. बाजारात त्यांचे मोल कवडीचे, पण कोणती कुऱ्हाड कोणत्या मडक्याशेजारी, किती खोलीवर होती, हे जागच्या जागी नोंदले तर त्यातून अडीच-तीन हजार वर्षांमागचे एक गाव उभे राहते. रात्री पहार चालवणारा माणूस ती नोंद कायमची पुसून टाकतो. रस्त्याच्या गिट्टीसाठी धोंडे उचलणारा आणि भरावासाठी मुरूम खणणारा ठेकेदारही तेच करतो. गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा सांगितली आहे, आणि 1878 च्या दफिन्याच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे.

म्हणून मोहाडी तहसिलातील शेतकरी बांधवांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की नांगराला गोलाकार मांडलेले धोंडे लागले, किंवा खदानीत काळी-तांबडी खापरे व लोखंडाचे तुकडे दिसले, तर खोदणे तेथेच थांबवावे, वस्तू जागच्या हलवू नयेत, आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारास त्याच दिवशी खबर द्यावी.