दोन मिलिमीटरचा हिशेब

ओळखीतल्या एका मुलाचं दुचाकीवरून पडून गालाचं हाड मोडलं. जखम भरली, पण जिन्याची प्रत्येक पायरी त्याला दोनदा दिसायची. डोळ्याखालचं हाड खचलं की असं होऊ शकतं आणि ते आता कॉम्प्युटरवर बघत बसवता येतं, हे कळल्यावर ते काम पाहायचंच असं ठरवलं. पुण्यातल्या एका रुग्णालयाने ओटीत उभं राहू दिलं.

डोळ्याच्या खोबणीचा तळ काही ठिकाणी अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. अंड्याचं कवचच म्हणा. तो फुटला की चरबी खालच्या सायनसमध्ये उतरते आणि डोळा आत ओढला जातो. "दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेला, की समोरच्याला कळतं," सर्जन म्हणाले. तिथे टायटॅनियमची जाळी बसवतात. अवघड असतं ते तिचं मागचं टोक. ते शाबूत हाडाच्या कडेवर टेकायला हवं, त्यामागे दृष्टीची नस असते, आणि चरबी आड येत असल्याने तिथलं नीट दिसत नाही.

त्यासाठी ही मांडणी: आधीचा सीटी स्कॅन, त्यात धड बाजूचं चित्र उलटवून फुटक्या बाजूवर ठेवलेलं, कवटीला घट्ट बसवलेल्या चौकटीवर चकाकते गोळे, समोर इन्फ्रारेड कॅमेरा. पॉइंटर टेकेल ती जागा स्क्रीनवर तीन छेदांत उमटते.

माझी नजर मात्र तंत्रज्ञ मुलीकडेच जात राहिली. कोणी कॅमेऱ्याच्या आड आलं की ती म्हणायची, "सर, थोडं डावीकडे." दर टप्प्यानंतर ती पॉइंटर वरच्या दाताच्या टोकावर ठेवायला लावायची, स्क्रीनवरही तो तिथेच दिसायला हवा. एकदा तो दाताच्या बाजूला, हवेत दिसला. चौकटीला कोणाचा तरी कोपर लागला होता. सगळं पुन्हा जुळवलं. कोणी कुरकुर केली नाही.

स्क्रीनवर दिसतं ते ऑपरेशनच्या आधीचं हाड. आत्ता सरकवलेलं त्यात नसतं. शिवाय सगळं जुळलं तरी एक-दोन मिलिमीटरची चूक राहू शकते. चेहरा खपवून घेतो तेही दोनच मिलिमीटर.

जाळीवरून पॉइंटर फिरवला, तर मागचं टोक उचललेलं निघालं. जाळी काढली, वाकवली, पुन्हा बसवली. मग सर्जननी चिमट्याने डोळा चारी दिशांना हलवून पाहिला, स्नायू कुठे अडकला नाही ना. ते स्क्रीन सांगत नाही, हातालाच कळतं.

रुग्णालयं यंत्राची किंमत मोजतात. दातावर पुन्हा पुन्हा पॉइंटर ठेवायला लावणारं माणूस आणि त्याला लागणारा वेळ, हेही त्या खर्चात धरायला हवं. ओटीची यादी लांबली की काटछाट आधी तिथेच होईल, आणि चुकलेले दोन मिलिमीटर रुग्ण जन्मभर चेहऱ्यावर वागवील.